अभंगाची चाल : देवगिरीपासून आपल्या सभामंडपापर्यंत

मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला की हिशेब मांडला जातो. दगड किती लागला, सिमेंट किती, शिखराच्या कामास किती खर्च आला, कोणत्या कुटुंबाने किती वर्गणी दिली, हे सारे वहीत उतरते. ते योग्यच आहे. देवाच्या कामातील पैन् पै गावासमोर असली पाहिजे. परंतु या मंदिरात आणखी एक ठेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. येथे गायिल्या जाणाऱ्या अभंगांच्या चाली हा तो ठेवा होय.

अभंग गाथेत छापलेला आहे. पुस्तक फाटले तर दुसरे आणता येते. चाल मात्र गाथेत नाही. ती माणसाच्या गळ्यात असते आणि माणसाबरोबर जाते. या स्मरणिकेत भिंतींचा आणि शिखराचा इतिहास इतर लेखांतून येईलच. प्रस्तुत लेखात, शब्दाला चाल लागते ती कशी आणि आपल्या या भागाने त्या कामी काय दिले, याचा थोडक्यात आढावा घेण्याचे योजिले आहे. त्यातून आपल्यावर एक जबाबदारी येते, तीही शेवटी सांगावयाची आहे.

मातू आणि धातू

छावणीहून दौलताबादेस जाणारा रस्ता आपल्या पडेगाव-मिटमिट्यावरून जातो. त्या रस्त्याने आपण शेतीसाठी, बाजारासाठी, वेरूळच्या घृष्णेश्वरासाठी शेकडो वेळा गेलो असू. परंतु त्याच रस्त्याच्या टोकाशी, देवगिरीच्या राजधानीत, भारतीय संगीतशास्त्राचा एक महान ग्रंथ लिहिला गेला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हा ग्रंथ म्हणजे ‘संगीतरत्नाकर’. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरातून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते आणि शार्ङ्गदेव स्वतः यादव राजा सिंघण याच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. सिंघणाचा राज्यकाल सुमारे १२१० ते १२४७ असा धरला जातो. म्हणजे हा ग्रंथ आठशे वर्षांच्या घरात पोहोचला. दिवसा राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थाने स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य या साऱ्यांचा जमाखर्च सात अध्यायांत मांडून ठेवला. पुढे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन्ही संगीतपद्धतींच्या पंडितांनी त्यास प्रमाण मानले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथातील दोन शब्द महत्त्वाचे आहेत. गाण्यातील शब्दांच्या भागास शार्ङ्गदेव ‘मातु’ म्हणतो आणि स्वरांच्या भागास, म्हणजे आपण ज्यास चाल म्हणतो त्यास, ‘धातु’ म्हणतो. मराठी वळणाने आपण मातू आणि धातू म्हणू. या धातूचा लोखंड-पितळेच्या धातूशी काही संबंध नाही, एवढे ध्यानात ठेवावे. जो मातू आणि धातू दोन्ही स्वतः रचतो तो ‘वाग्गेयकार’. त्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याची मोठी यादीच ग्रंथात आहे. व्याकरण यावे, छंद यावेत, रसभाव कळावा, ताल यावा, देशोदेशीच्या भाषा ठाऊक असाव्यात, एवढेच नव्हे तर दुसऱ्याच्या मनातले ओळखता यावे, असे त्याचे म्हणणे. आणि जो दुसऱ्याने केलेल्या चालीवर आपले शब्द बसवितो, त्यासही शार्ङ्गदेवाने नाव देऊन ठेवले आहे. तो ‘कुट्टिकार’. त्याचा मान वाग्गेयकाराच्या खालचा. तयार चालीवर भजन बसविण्याचा जो वाद आज गावोगावी होतो, त्याचे मूळ किती जुने आहे, हे यावरून दिसेल. या कुट्टिकाराकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

ओवी आणि अभंग

संगीतरत्नाकरात केवळ राजदरबाराचे संगीत आहे असे मात्र नाही. प्रबंधांच्या अध्यायात त्याने ओवीलाही स्थान दिले आहे. देशी भाषेत गायचे, प्रासयुक्त तीन खंड आणि अखेरीस ओवी हे पद, असे तिचे लक्षण तो सांगतो. त्याच्याही शंभर वर्षे आधी, इसवी सन ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केलेली आहे. याचा अर्थ असा की, ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध केली तेव्हा त्यांच्या हाती आलेली ओवी ही आधीच गायिली जाणारी होती. ती उखळा-मुसळाजवळ आणि जात्याजवळ तयार झाली होती. आयाबायांच्या गळ्यातली चाल आधी आणि ग्रंथातला छंद मागाहून, असा हा क्रम आहे.

त्याच काळात अभंग पुढे आला. नरसीच्या नामदेव महाराजांनी कीर्तनाच्या रंगात अभंग घरोघरी नेला. मोठ्या अभंगाचे माप सोपे आहे. चार चरण. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळलेले. एकूण अक्षरे बावीस. आता हे माप टाळाच्या ठेक्यावर कसे बसते ते पाहावे. भजनी ठेका आठ मात्रांचा. प्रत्येक चरणास एक आवर्तन दिले तर चार चरणांस बत्तीस मात्रा होतात. अक्षरे बावीस आणि मात्रा बत्तीस, म्हणजे दहा मात्रा मोकळ्या उरल्या. या मोकळ्या दहा मात्रांतच चालीचा सारा संसार आहे. कोणते अक्षर लांबवायचे, कोठे श्वास घ्यायचा, कोठे टाळ बोलू द्यायचा, हे त्या दहा मात्रांत ठरते. चौथा चरण तर चारच अक्षरांचा. त्यात अर्धे आवर्तन मोकळे राहते. गाणारा तेथे थांबतो आणि मागचे टाळकरी धृपद उचलतात. अभंगाच्या रचनेतच अशी दुसऱ्यासाठी जागा ठेवलेली आहे. तो एकट्याने गाण्यासाठी केलेलाच नाही.

संतांनी अक्षरे बोटांवर मोजून नव्हे, तर गात गात अभंग केले. म्हणून एखाद्या चरणात एखादे अक्षर कमी-अधिक असले तरी जुन्या चालीत ते सहज सामावते. नवख्या माणसाने तोच चरण नुसता वाचला तर त्यास तो अडखळल्यासारखा वाटतो. चाल ठाऊक असलेल्यास तो कधीच अडत नाही.

अर्थाच्या दृष्टीने या मोकळ्या जागा फार जपून वापराव्या लागतात. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, चरणात ‘देव नाही दूर’ असे शब्द आहेत. सहा अक्षरे. चाल लावणाऱ्याने चौथ्या अक्षरावर लांब सूर धरला आणि तेथेच टाळाचा कल्लोळ केला, तर मंडपातल्या माणसाच्या कानी काय पडते? ‘देव नाही’! संतांना सांगायचे होते की देव जवळ आहे, आणि आपण गाजवून सांगितले की देवच नाही. सूर गोड, ठेका चोख, आणि अर्थाचा मात्र घात. चाल चांगली की वाईट, याची पहिली परीक्षा येथे होते. शब्द कोठे तोडायचा नाही, हे चालीस कळले पाहिजे.

नाथांनी केलेला जीर्णोद्धार

देवगिरीशी आपल्या भागाचे दुसरे नाते एकनाथ महाराजांमुळे आहे. पैठणचे नाथ (१५३३ ते १५९९) लहान वयातच देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणी आले. जनार्दनस्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. गुरूच्या घरी नाथांनी सेवा केली, हिशेबही पाहिले. ताळेबंदातील एका पैची चूक रात्र जागून शोधल्याची नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शार्ङ्गदेवही हिशेबनीस आणि नाथही हिशेब पाहणारे, हा योगायोग मोठा गोड आहे.

जीर्णोद्धाराच्या या प्रसंगी नाथांचे एक कार्य मुद्दाम आठवावे असे आहे. ज्ञानेश्वरी लिहून जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले होते, अशुद्धे वाढली होती. नाथांनी जुन्या प्रती पाहून शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत आपल्या पदरची ओवी कोणी घालू नये, अशी ताकीद पुढच्यांस दिली. हा ग्रंथाचा जीर्णोद्धार होता. जुने होते ते जसेच्या तसे ठेवायचे, पडझड तेवढी दुरुस्त करायची आणि आपले काही मध्ये घुसवायचे नाही, हा जीर्णोद्धाराचा नियम नाथांनीच घालून दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

परंतु हेच नाथ चालीच्या बाबतीत किती मोकळे होते, ते पाहण्यासारखे आहे. त्यांची सुमारे तीनशे भारुडे आहेत. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळ आहे, जोगवा आहे, विंचू आहे. वासुदेव पहाटे दारात येऊन ज्या ढंगाने गात असे, गोंधळी संबळावर ज्या ठेक्यात नाचत असे, तो ढंग आणि तो ठेका नाथांनी उचलला आणि त्यात परमार्थाचे शब्द भरले. शार्ङ्गदेवाच्या भाषेत बोलायचे तर येथे नाथ ‘कुट्टिकार’ ठरतात! धातू रस्त्यावरचा, मातू नाथांचा. मग शास्त्रकाराने ज्याचा मान खालचा ठरविला, ते काम नाथांनी का केले?

याचे उत्तर भारुडातच आहे. नाथांनी वासुदेवाची चाल घेतली ती वासुदेवालाच बोलते करण्यासाठी. ती चाल ऐकताच लोकांच्या डोळ्यांसमोर मोरपिसांची टोपी येई, आणि नाथांचे शब्दही त्या टोपीवाल्याच्याच तोंडी असत. चालीची जुनी आठवण आणि नवे शब्द यांत भांडण नव्हते. आठवण शब्दाला साहाय्य करीत होती. म्हणून उसनी चाल घेण्यात पाप नाही. तिच्याबरोबर जी आठवण येते, ती शब्दाची मैत्रीण आहे की वैरीण, एवढे पाहिले पाहिजे. सिनेमातील गाण्यांच्या चालीवर अभंग म्हणावा की नाही, हा वाद निघतो तेव्हा नाथांनी दिलेली ही कसोटी लावावी. ज्या चालीबरोबर मंडपातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा नाच उभा राहतो, त्या चालीत तुकोबांची विरहाची आर्तता पोहोचत नाही. पोरांचा दोष नाही. चालीने आपली आठवण बरोबर आणली, इतकेच.

कागदावर राग, गळ्यात चाल

नाथांचे समकालीन आणि स्नेही अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५). एका लांबलचक वस्त्रावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. परंतु त्यांचा ‘पदार्णव’ हा ग्रंथ आपल्या विषयाच्या अधिक जवळचा. नावाप्रमाणे तो पदांचा समुद्रच आहे, आणि त्यातील पदे कोणत्या रागात गावीत, याचे निर्देश त्यांनी केलेले आहेत. म्हणजे दासोपंत खऱ्या अर्थाने मराठवाड्याचे वाग्गेयकार. शब्द त्यांचे आणि सूरही त्यांचे. पण आज आपल्या हाती काय राहिले? रागाचे नाव राहिले. राग म्हणजे चाल नव्हे. एकाच रागात शंभर चाली होऊ शकतात. दासोपंतांनी कोणत्या अक्षरावर सूर लांबविला, कोठे श्वास घेतला, हे कागदाने सांगितले नाही.

याच्या जोडीला नामदेवांचे उदाहरण घ्यावे. इसवी सन १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. तो ग्रंथ मुख्यतः रागवार लावलेला आहे. नरसीच्या या संताची पदे गुरुद्वारांतून रागाच्या शिस्तीने गायिली जातात. तेथे शब्दाबरोबर राग टिकला याचे कारण, नुसते नाव लिहून ते थांबले नाहीत. रोज गाणारी माणसे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तयार केली आणि गाणे हीच पूजा मानली. आपल्याकडे वारकऱ्यांच्या फडांतून हेच घडले. गुरूच्या मागे उभे राहून टाळ धरायचा, वर्षानुवर्षे धृपद धरायचे, आणि एक दिवस पुढे येऊन चाल उचलायची, अशी ती शाळा.

खुद्द आपल्या शहरातही असा एक शब्द-सुरांचा जाणकार होऊन गेला. अमृतराय (१६९८ ते १७५३) हे औरंगाबादेस राहिले. मध्वमुनीश्वर हे त्यांचे गुरू. अमृतरायांचे ‘कटाव’ महाराष्ट्रभर कीर्तनकारांनी गाजविले. कटाव म्हणजे एका दमात धावत जाणारी, अनुप्रासांनी खणखणणारी रचना. ती नुसती वाचली तर निम्मी मजाही हाती लागत नाही. झांज आणि मृदंग यांच्या साथीने ती उभ्याने म्हटली म्हणजे शब्दच टाळासारखे वाजू लागतात. आजच्या छत्रपती संभाजीनगरात अमृतरायांचे कटाव त्या दमाने म्हणणारे किती गळे आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

तुकोबांच्या गाथेचीही तीच गोष्ट. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात गाथेची जी आवृत्ती छापली गेली, तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. शब्द सांभाळण्याचे केवढे मोठे काम! पण त्या साडेचार हजारांतून चालीसकट जिवंत असलेले किती, हे आपल्या भजनी मंडळाने नित्य म्हटल्या जाणाऱ्या अभंगांची यादी केली तर लगेच दिसेल.

रंगभूमी, बोलपट आणि ध्वनिमुद्रिका

चाली एका जागी कधीच बसून राहिल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले. त्यात साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून लोकांच्या ओळखीच्या झालेल्या छंदांचा आणि चालींचा भरपूर वापर होता. म्हणजे कीर्तनातली चाल नाटकात गेली. पुढे नाटकातली चाल भजनात आली. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ‘कान्होपात्रा’ नाटक केले, त्यातील पदांना मास्टर कृष्णरावांनी चाली दिल्या. मंगळवेढ्याच्या त्या संत स्त्रीचे अभंग बालगंधर्वांच्या मुखातून महाराष्ट्राने ऐकले आणि लगोलग भजनांतून उचलले.

या मास्टर कृष्णरावांच्या आडनावात आपल्या जिल्ह्याचे फुलंब्री गाव आहे. कृष्णराव गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ साली आळंदीस झाला आणि १९७४ साली ते निवर्तले. भास्करबुवा बखल्यांचे ते शिष्य. १९३५ साली प्रभात कंपनीने एकनाथ महाराजांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. त्यात नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. ‘वंदे मातरम्’ सर्वांना एकत्र गाता यावे म्हणून त्यांनी त्यास चाल दिली आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत धडपड केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून पाली भाषेतील बुद्धवंदनाही त्यांनीच स्वरबद्ध केली. नाथ, भारतमाता आणि तथागत, अशा तिन्ही ठिकाणी एकाच माणसाने चाल दिली, आणि तिन्ही ठिकाणी शब्दाची प्रतिष्ठा सांभाळली. चाल लावणाऱ्यास जात नसते, पंथ नसतो. त्यास फक्त शब्दाचा मान ठेवावा लागतो.

१९३६ साली ‘संत तुकाराम’ बोलपट आला. तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस हे स्वतः भजनात मुरलेले. संगीत केशवराव भोळे यांचे. त्यातील एक अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेला होता, पण शब्द आणि चाल इतकी एकजीव झाली होती की, जाणत्यांनाही तो गाथेतलाच वाटला. पुढे १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडक्यांच्या चाली. येथे मातू एकाचा आणि धातू दुसऱ्याचा, तरी दोघांचे मन एक. त्यानंतर राम फाटक यांच्या चालींवर पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेले अभंग आणि श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेले तुकोबांचे अभंग घराघरांत पोहोचले. अभंगाचे हे वैभव नाकारण्याचे काही कारण नाही.

परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ध्वनिमुद्रिकेसाठी बांधलेली चाल एका समर्थ गळ्यासाठी असते. तिच्यात ताना आहेत, हरकती आहेत, तार सप्तकातील जागा आहेत. ती ऐकण्यासाठी आहे. मंदिरातील चाल म्हणण्यासाठी आहे. दिवसभर औत हाकून आलेल्या, कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या, घसा बसलेल्या माणसालाही ती म्हणता आली पाहिजे. मोठ्या गवयाची चाल आपल्या मंडपात म्हटली जाते तेव्हा पेटीजवळचे दोघे गातात आणि बाकीचे पन्नास ऐकतात. चौथ्या चरणात संतांनी पन्नासांसाठी मोकळी ठेवलेली जागा एकाच्या तानेने भरून जाते. म्हणून चालीची दुसरी परीक्षा अशी की, शेवटच्या रांगेतील माणसाला ती उचलता येते काय?

आपले कर्तव्य

आता थोडे आपल्या घरचे. कार्तिकातील काकड्यास पहाटे एक अभंग अत्यंत संथ चालीत म्हटला जाई. आरंभी सूर इतका खाली, की झोपेतून उठलेल्या गळ्यासही त्रास होऊ नये. मग उजाडता उजाडता लय वाढे. ती चाल एका वृद्ध विणेकऱ्यांनाच पुरी ठाऊक होती. बाकीचे त्यांच्या मागे म्हणत. त्यांच्याकडून ती नीट बसवून घ्यावी, निदान मोबाइलवर मुद्रित करून ठेवावी, असे आम्ही कितीदा ठरविले. या एकादशीस नको, पुढच्या एकादशीस पाहू, असे करता करता ते गेले. पुढच्या कार्तिकात तोच अभंग आला तेव्हा विणा दुसऱ्याच्या गळ्यात होती. पहिला चरण झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्यावर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी दुसऱ्याच एका चालीत अभंग पुरा केला. देवाला तो पोहोचला असेल, यात शंका नाही. पण आमच्या हातून काय गेले, हे त्या क्षणी मंडपातल्या प्रत्येकाला कळले. कोणाचा दोष म्हणावा तर तो आमचाच. दगड ढासळला असता तर आम्ही दुसऱ्या दिवशी गवंडी बोलाविला असता.

पडेगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेतांच्या जागी वसाहती झाल्या. अनेक जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे नांदत आहेत. त्यात वाईट काहीच नाही. प्रत्येक कुटुंब आपल्या गावाकडची एखादी चाल घेऊन आलेले आहे. नांदेड-परभणीकडची वेगळी, खानदेशातली वेगळी, विदर्भातली वेगळी. त्या चालींना आपल्या मंदिरात जागा मिळाली तर हा मंडप दगडाने झाला त्याहून मोठा होईल.

हे काम होण्यासारखे आहे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील हजारो ओव्या त्या स्त्रियांच्या गळ्यातूनच ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आल्या. शब्दाबरोबर चाल वाचविली. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, पण ओवीची चाल आज ऐकावयास मिळते ती या उद्योगामुळे. लाखाचे काम त्यांनी केले. आपल्यापुढे पन्नास-शंभर अभंगांचे काम आहे.

म्हणून या शुभप्रसंगी समस्त ग्रामस्थांस आणि भजनी मंडळास नम्र विनंती अशी : प्रत्येक एकादशीस निदान एक जुनी चाल जाणत्या माणसाकडून म्हणवून घ्यावी. ती मुद्रित करावी. चाल कोणाकडून आली, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे एका वहीत लिहावे, आणि ती वही देणगीच्या वहीशेजारीच ठेवावी. घरोघरच्या आयाबायांना विसरू नये. ओवीचा छंद त्यांच्याच कांडणातून ग्रंथात आला, हे वर सांगितलेच आहे. आणि मुद्रण झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. दासोपंतांच्या पोथीत रागाचे नाव राहिले आणि चाल गेली. तसेच मोबाइलमध्ये चाल राहील आणि मंडपातून जाईल. दोन तरी मुलांच्या आणि दोन तरी मुलींच्या गळ्यात ती उतरली, तरच ती वाचली असे समजावे.

नव्या चालीही होऊ द्याव्यात. संतांच्या वेळची चाल म्हणून आपण जी म्हणतो, तीही कोणीतरी, केव्हातरी नवीनच लावलेली असणार. शब्द मोडत नाही ना, आणि शेवटच्या रांगेला म्हणता येते ना, एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि मग खुशाल टाळ उचलावा.

नव्या मंडपाला नवे खांब लाभले आहेत. त्यांच्यामध्ये उभे राहून गाणारे गळे जुन्या चालींसह तयार होतील, तेव्हा जीर्णोद्धाराचे हे कार्य खऱ्या अर्थाने सिद्धीस जाईल. ती बुद्धी आणि तो सूर परमेश्वराने आपणा सर्वांस द्यावा, ही त्याच्या चरणी प्रार्थना.